‘सोडणे’ आणि ‘काढून टाकणे’ : स्पर्धाबंदीच्या करारशर्तीचा इतिहास

चाकरी संपल्यानंतर मनुष्याने कोणते काम करावे व कोणते करू नये, हे सांगण्याचा अधिकार जुन्या मालकास असावा काय, हा प्रश्न कारखानदारीहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन डायर नावाच्या एका रंगाऱ्याने आपल्या गावी सहा महिने धंदा करणार नाही असे लिहून दिले होते. १४१४ साली त्या कागदावर दावा झाला, तेव्हा न्यायाधीश हल ह्याने भर न्यायालयात देवाची शपथ घालून सांगितले की, फिर्यादी समोर असता तर राजाचा दंड भरीपर्यंत त्यास तुरुंगात बसविले असते. मनुष्याचे कसब हेच त्याचे पोट असल्यामुळे ते बांधून ठेवणे म्हणजे पोट बांधणे होय, ही जाणीव त्या संतापामागे असावी. पुढील पाच शतकांत इंग्रजी कायद्याने हा संताप गिळला आणि बंधन ‘वाजवी’ असेल तर चालेल, अशी तडजोड स्वीकारली.

ह्या मोठ्या प्रश्नाच्या पोटात एक लहान प्रश्न आहे, आणि तोच अधिक बोचणारा आहे. नोकराने आपण होऊन काम सोडले असेल तर त्यास दिलेल्या वचनाची आठवण करून देणे निदान समजण्यासारखे आहे. परंतु मालकानेच त्याला नारळ दिला असेल, तर ‘आमच्याकडे नको आणि आमच्या शेजाऱ्याकडेही नको’ असे म्हणण्याचा अधिकार मालकास कोठून येतो? भारतातील न्यायालयांनी ह्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. परंतु ते न्याय-अन्यायाच्या चर्चेतून न येता एका क्रियापदाच्या अर्थावरून आले, हे ह्या इतिहासाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेतही धंद्याला मज्जाव होताच. मात्र त्याचे तोंड उलट दिशेला होते. गावच्या सुताराचे किंवा लोहाराचे वतन हा कसबी माणसाच्या हातातला हक्क होता. परगावच्या कसब्याने गावात शिरून त्याचे काम घ्यावयाचे नाही, असा त्याचा अर्थ. पगारी चाकरी रूढ झाली आणि मज्जावाचा कागद कसब्याच्या घरातून मालकाच्या पेटीत गेला. १८५९ च्या तेराव्या कायद्याने तर आगाऊ रक्कम घेऊन काम टाकून जाणाऱ्या कारागिरास व मजुरास फौजदारी शिक्षेची तरतूद केली. १९२५ साली तो कायदा रद्द करण्यात आला. तोपर्यंत मुंबईसारख्या शहरात काम सोडणे हा काही प्रसंगी गुन्हाच होता.

अशा काळात १८७२ चा भारतीय करारविषयक कायदा झाला, आणि त्याचे सत्ताविसावे कलम वाचले म्हणजे नवल वाटते. कोणत्याही कायदेशीर पेशापासून, व्यापारापासून वा धंद्यापासून कोणासही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल समजावा, एवढेच ते सांगते. धंद्याचा लौकिक विकणाऱ्यापुरता एक अपवाद ठेवते आणि थांबते. ‘वाजवी’ हा शब्द मूळ नियमात नाही. ही शब्दयोजना डेव्हिड डडली फील्ड ह्याने न्यूयॉर्क राज्यासाठी तयार केलेल्या दिवाणी संहितेच्या मसुद्यावरून घेतलेली आहे. न्यूयॉर्कने तो मसुदा नाकारला. कॅलिफोर्नियाने मात्र १८७२ मध्येच, म्हणजे हिंदुस्थानात कायदा झाला त्याच वर्षी, तो स्वीकारला. कॅलिफोर्नियातील संगणक-उद्योगात माणसे एका कंपनीतून शेजारच्या कंपनीत निर्धास्तपणे जातात, ह्याचे काही श्रेय अभ्यासक त्या कलमास देतात. त्याचे जुळे भावंड भारतात दीडशे वर्षे नांदत आहे, ह्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कलमाचा पहिला मोठा अर्थ लागला तो १८७४ साली कलकत्त्यास, दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांच्या दाव्यात. एकाने दुसऱ्यास पैशाचे वचन देऊन त्याचे दुकान बंद करविले आणि मग पैसे देण्याचे नाकारले. सर रिचर्ड कौच (हा पूर्वी मुंबईचा मुख्य न्यायाधीश होता) ह्याने निकाल देताना असा युक्तिवाद केला की, पुढच्याच, म्हणजे अठ्ठाविसाव्या कलमात ‘सर्वस्वी’ ह्या अर्थाचा शब्द आहे आणि सत्ताविसाव्यात तो नाही. ज्या अर्थी नाही त्या अर्थी अंशतः घातलेले बंधनही रद्दच होय. अशा रीतीने एका अनुपस्थित शब्दाने हिंदुस्थानातील कायदा इंग्लंडच्या कायद्यापासून वेगळा केला. ह्या उदार अर्थाचा पहिला फटका ज्याने प्रामाणिकपणे दुकान बंद केले होते त्यालाच बसला, ही गोष्ट वेगळी.

मुंबईस ह्या कलमाला पहिली मोठी चाळण लागली ती एका डॉक्टरच्या निमित्ताने. झांझिबारच्या वकिलातीच्या न्यायालयावरील अपिले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाकडे येत असत. तेथील एका डॉक्टरने तीन वर्षांच्या कराराने मदतनीस नेमला होता. तो वर्षाच्या आतच नोकरी सोडून स्वतंत्र वैद्यकी करू लागला. १८९८ च्या ह्या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले की, ठराविक मुदतीपर्यंत एकाच मालकाचे काम करीन, असे वचन म्हणजे धंद्याला बंदी नव्हे. नोकरीची मुदत चालू असतानाचे बंधन आणि ती संपल्यानंतरचे बंधन ह्यांत येथे जी रेघ ओढली गेली ती आजतागायत पुसली गेलेली नाही.

हीच रेघ स्वतंत्र भारतात कल्याणजवळ पुन्हा ओढली गेली. शहाड येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायरच्या आत घालावयाचा बळकट कृत्रिम धागा काढण्याचे ठरले. त्याची विद्या परदेशी होती. जानेवारी १९६१ मध्ये हॉलंडमधील एका व पश्चिम जर्मनीतील एका कंपनीने १,४०,००० पौंड घेऊन ती देण्याचे कबूल केले. अट अशी की, करार चालू असेपर्यंत व त्यानंतर तीन वर्षे ती गुप्त राहिली पाहिजे. आयात केलेली विद्या पेटीत ठेवता येत नाही. ती माणसांच्या डोक्यात व हातात ठेवावी लागते. म्हणून कंपनीने पाळीवरील पर्यवेक्षक नेमताना पाच वर्षांचा छापील करार करून घेण्यास आरंभ केला. मार्च १९६३ मध्ये निरंजन शंकर गोलीकरी ह्यांनी अशा करारावर सही केली. डिसेंबरपर्यंत त्यांचे शिक्षण चालले. १९६४ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. कंपनीने तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात त्यांनी कळविले की, दुसरी नोकरी लागली आहे. ती कोटा येथील राजस्थान रेयॉनमध्ये होती. तेथेही तोच धागा निघत होता आणि पगार अधिक होता.

कल्याणच्या न्यायालयात दावा दाखल झाला. मागणी होती सहा महिन्यांच्या पगाराइतक्या भरपाईची, म्हणजे २,४१० रुपयांची, आणि १५ मार्च १९६८ पर्यंत दुसरीकडे असे काम न करण्याच्या मनाई हुकमाची. खालच्या न्यायालयाने मनाई दिली, पण ती आखडून : धाग्याच्या उत्पादनातील पाळी-पर्यवेक्षकाचे किंवा त्याच स्वरूपाचे काम, भारतात कोठेही, मुदत संपेपर्यंत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एम. शेलत ह्यांच्या निकालपत्राने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मनाईचे तेव्हा चौदा महिने उरले होते. न्यायालयाच्या मते हे बंधन मुदतीच्या आतले असल्यामुळे सत्ताविसाव्या कलमाच्या आड येत नव्हते. आणि त्यामुळे संबंधित इसमास रिकामे बसावे लागेल किंवा जुन्या मालकाच्या दारी परत जाणे भाग पडेल, असेही नव्हते.

हा निकाल मालकांच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याचा बारकाईने विचार केला तर काढून टाकलेल्या नोकराच्या दृष्टीने दोन गोष्टी त्यात मोलाच्या आहेत. पहिली अशी की, कराराच्या सतराव्या कलमातील शब्द ‘सोडणे’, ‘टाकून जाणे’ व ‘राजीनामा देणे’ हे होते, आणि तेही कराराचा भंग करून. कंपनीनेच काढले तर काय, हा प्रश्न त्या शब्दांत बसतच नव्हता. दुसरी अशी की, करार अतिशय जाचक किंवा एकतर्फी असेल तर मुदतीच्या आतले बंधनही टिकणार नाही, असे न्यायालयाने बजावले आणि त्यासाठी १९२७ च्या एका इंग्रजी खटल्याचा दाखला घेतला. त्या खटल्यातील करार सूचना देऊन संपविण्याचा अधिकार फक्त मालकास होता, नोकरास नव्हता. म्हणजे काढण्याची मुभा एकाला आणि बांधिलकी दुसऱ्याला, अशी जेथे वाटणी असेल तेथे न्यायालयाने मालकास हात द्यावयाचा नाही. ह्या सूत्राकडे पुढच्या काळात जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. कोणत्याही महिन्यात सूचना देऊन माणूस कमी करण्याचा हक्क राखून ठेवणारे आणि तरीही नोकराकडून वर्षावर्षाच्या शर्ती लिहून घेणारे नेमणूकपत्र आजही दुर्मिळ नाही.

काढून टाकलेल्या नोकराचा प्रश्न सरळ समोर आला तो १९८० मध्ये. सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडिया ही मालाची प्रत व वजन तपासून दाखला देणारी संस्था होती. तिने १९७१ साली दिल्लीच्या शाखेवर नेमलेल्या व्यवस्थापकाच्या करारातील दहाव्या कलमान्वये, कंपनी ‘सोडल्यानंतर’ दोन वर्षे त्याने शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करावयाची नव्हती, की तसला स्वतःचा धंदाही करावयाचा नव्हता. १९७८ च्या अखेरीस कंपनीनेच त्याची नोकरी संपुष्टात आणली. त्याने दिल्लीतच त्याच स्वरूपाचा धंदा थाटला, आणि कंपनी मनाई मागावयास गेली.

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती बसले होते. मुंबई उच्च न्यायालयातून १९७७ साली दिल्लीस गेलेले व्ही. डी. तुळजापूरकर ह्यांनी स्वतःच्या व एन. एल. उंटवालिया ह्यांच्या वतीने निकाल लिहिला. नोकरी संपल्यानंतरचे वाजवी बंधन चालते की नाही, ह्या मोठ्या वादात त्यांनी शिरण्याचे नाकारले. करारात वापरलेल्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आपण होऊन सोडणे असा आहे. ह्या माणसास काढलेले आहे. सबब कलम लागूच होत नाही, एवढ्यावर त्यांनी अपील फेटाळले.

हा अर्थ भाषादृष्ट्या कितपत पक्का आहे, हे पाहण्यासारखे आहे. मराठी बोलणाऱ्यास हा भेद व्याकरणातच मिळतो. ‘त्याने नोकरी सोडली’ ह्या वाक्यात कर्ता नोकर आहे. ‘त्याला नोकरीवरून काढले’ ह्यात कर्ता मालक आहे, मग त्याचे नाव घेतलेले असो वा नसो. आणि ‘त्याची नोकरी सुटली’ ह्या तिसऱ्या वाक्यात कर्तृत्व कोणाचेच नाही. गिरणगावात संपानंतर घरी बसलेला कामगार ‘नोकरी सुटली’ म्हणतो, तेव्हा कोणी सोडविली हे तो सांगत नाही, आणि ऐकणाराही सहसा विचारीत नाही. ‘रजा’ ह्या शब्दात तर दोन्ही दिशा होत्या : रजा घेणे नोकराकडे, रजा देणे मालकाकडे. इंग्रजीत ‘सोडणे’ व ‘सुटणे’ अशी जोडी नाही. तेथील एकच क्रियापद कधी स्वेच्छेने केलेल्या कृतीसाठी, तर कधी केवळ कंपनीत नसण्याच्या अवस्थेसाठी वापरले जाते. ‘कंपनी सोडल्यानंतर दोन वर्षे’ ही कालमर्यादा ‘कंपनीतून गेल्यानंतर दोन वर्षे’ अशीही वाचता आली असती, आणि कंपनीचा युक्तिवाद त्याच दिशेने होता. तेव्हा न्यायालयाचा अर्थ हा शब्दकोशातून अपरिहार्यपणे निघालेला नसून दोन शक्य अर्थांतून निवडलेला आहे. ही निवड कशाच्या आधारे करावयाची, ह्याचे उत्तर तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन ह्यांच्या स्वतंत्र निकालपत्रात सापडते.

सेन ह्यांनी प्रथम हे मान्य केले की, त्या क्रियापदाला संदर्भानुसार अर्थच्छटा आहेत; परंतु नोकराच्या बाबतीत त्याचा सरळ अर्थ स्वेच्छेने सोडणे हाच होय. आणि संशय उरलाच तर छापील करार ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध तो वाचावा. कारण सही करणाऱ्यापुढे दुसरा पर्याय असतोच असे नाही, नोकरी हवी तर कागद जसाच्या तसा घ्यावा लागतो. मग ते पुढे गेले. सत्ताविसाव्या कलमात वाजवीपणाची कसोटी नाही. ती आणावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या तेराव्या अहवालात केली होती, परंतु संसदेने ती स्वीकारलेली नाही. म्हणून नोकरी संपल्यानंतरचे बंधन, ते कितीही माफक असले तरी, रद्दच. हे मत तिघांपैकी एकाचे होते. तरी पुढील चार दशकांत न्यायालयांनी उचलून धरले ते हेच. मूळचे श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान ह्यांच्या विरुद्ध एका व्यवस्थापन-कंपनीने आणलेल्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुदतीनंतरचे बंधन ह्याच न्यायाने अमान्य केले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने व्ही.एफ.एस. ग्लोबल ह्या कंपनीच्या प्रकरणात, नोकरी सुटल्यावर तीन महिन्यांचा पगार देऊन माणसास घरी बसविण्याची शर्तदेखील सकृद्दर्शनी धंद्याला बंदीच ठरविली. धंद्यातील खरीखुरी गुपिते फोडण्यास मनाई आजही मिळते; परंतु गुपित राखणे आणि माणूस राखणे ह्या दोन गोष्टी न्यायालयांनी पुष्कळशा वेगळ्या ठेवल्या आहेत.

येथे इंग्लंडशी तुलना उद्‌बोधक ठरते. भिंतींवर जाहिराती चिकटविणाऱ्या एका कंपनीने आपल्या व्यवस्थापकास ठरलेली सूचना न देता काढले. त्याने भरपाई मिळविली आणि मग स्वतः तोच धंदा सुरू केला. १९०९ साली उमरावसभेने असे ठरविले की, मालकानेच करार मोडला असल्यामुळे नोकरही त्यातील बंधनातून सुटला. ह्या निकालात ‘काढून टाकणे’ हा प्रश्न न्याय-अन्यायाचा म्हणून हाताळलेला दिसतो : चूक कोणाची, ह्यावर बंधन टिकणे न टिकणे अवलंबून. उलट पक्षी, तेथे मालकाने रीतसर सूचना देऊन काढले तर वाजवी बंधन शिल्लक राहते. भारतातील नोकर त्यापेक्षा पुष्कळ मोकळा आहे. परंतु सोडणारा आणि काढलेला हे दोघे एकाच सरसकट नियमाने मोकळे झाल्यामुळे, काढलेल्यावर बंधन घालण्यात जो विशेष अन्याय आहे तो कोणत्याही निकालात पुरता उच्चारला गेला नाही. तुळजापूरकरांनी त्यास एका शब्दाच्या अर्थात बसविले, सेन ह्यांनी एका कलमाच्या व्याप्तीत. शब्दाच्या अर्थावर उभी राहिलेली सुटका शब्द बदलताच धोक्यात येते, हे करार लिहिणाऱ्या वकिलांच्या लवकरच ध्यानात आले. आज नेमणूकपत्रांत नुसते ‘सोडल्यानंतर’ क्वचितच आढळते. ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यानंतर’ असे सर्वसमावेशक शब्द आढळतात. १९८० च्या बहुमताचा आधार त्यामुळे निघून जातो. उरतो तो केवळ सेन ह्यांचा.

ह्या शब्दांची प्रत्यक्ष कसोटी कोठे लागते हे पाहावयाचे तर नवी मुंबईसारखे दुसरे ठिकाण नाही. १९६० नंतरच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहिले, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पुढे ऐरोली व महापे येथे संगणक-कंपन्या आल्या. तुर्भे-रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच धंद्याचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. ‘प्रतिस्पर्ध्याकडे जावयाचे नाही’ ह्याचा तेथील अर्थ घर सोडून जाणे असा होतो. बंदरावरील माल तपासणाऱ्यांचा धंदा तर १९८० च्या खटल्यातील धंद्याचाच भाऊ आहे : त्यात यंत्रसामग्री थोडी, अनुभव व ओळख हेच भांडवल. संगणक-क्षेत्रात एप्रिल २०२२ मध्ये इन्फोसिसच्या नेमणूकपत्रातील अशाच शर्तीविरुद्ध पुण्यातील एका कर्मचारी-संघटनेने केंद्रीय श्रममंत्रालयाकडे तक्रार केली. त्या शर्तीत सहा महिन्यांपर्यंत, ज्या ग्राहकाचे काम केले त्याच ग्राहकाचे काम नामनिर्देशित प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून करण्यास मनाई होती. त्या कंपन्यांपैकी काहींची मोठी कार्यालये ऐरोलीतच आहेत.

अशा शर्ती न्यायालयात टिकत नाहीत हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते. तरीही त्या लिहिल्या जातात, कारण त्यांचे काम न्यायालयाबाहेर चालते. नवा मालक मुलाखतीत जुन्या मालकाचे मुक्तिपत्र मागतो. ते अडकले की नोकरी अडकते. कमी केलेला मनुष्य दोन महिन्यांच्या घरभाड्याची चिंता करीत असताना मुंबईस जाऊन सत्ताविसाव्या कलमाचा अर्थ वकिलामार्फत सांगेल, ही अपेक्षा फोल आहे. दावा मालकाने आणला तर नोकर जिंकेल. पण दावा आणण्याची वेळच येत नाही, आणि ज्या शर्तीवर दावा होत नाही तिच्यावर निकालही होत नाही.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात ह्या सर्व इतिहासाची पुन्हा उजळणी केली. तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास दोन लाख रुपये भरावे, ही बँकेची शर्त न्यायालयाने वैध ठरविली. ती नोकरी चालू असतानाची असून पुढील नोकरीस प्रतिबंध करीत नाही, ही त्यामागची भूमिका, म्हणजे झांझिबार व शहाड येथील रेघच. शर्तीतील शब्द ह्याही वेळी ‘राजीनामा’ हाच होता, त्यामुळे काढून टाकलेल्याचा प्रश्न पुन्हा बाहेरच राहिला. परंतु त्याच निकालपत्रात दोन गोष्टी मांडलेल्या आहेत : छापील नमुन्यातील नोकरीचा करार हा दोन पक्षांच्या असमान बळाचा सकृद्दर्शनी पुरावा होय, आणि बंधनकारक शर्त धंद्याला बंदी करीत नाही किंवा लोकहिताच्या विरुद्ध नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या हितासाठी ती लिहिली गेली त्याच्यावर, म्हणजे मालकावर, आहे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द घालून स्वतःच माणूस कमी करणाऱ्या मालकास हा भार कसा उचलता येईल, हे अजून कोणत्याही मालकास सर्वोच्च न्यायालयापुढे सांगावे लागलेले नाही.